बरणीतलं लायकेन का बिघडलं, आणि जे उरलंय ते कसं जगवायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही दोन महिन्यांपूर्वी दोन लायकेनं (दगडफुलं, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांच्या जोड्या) आणलीत. एक वाळक्या फांदीवर चिकटलेलं, करड्या-हिरव्या पानांचं. दुसरं ‘रेनडिअर मॉस’ या नावाने मिळालेलं, पोवळ्यासारखं बारीक फाट्यांचं. दोन्ही झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवलीत, दिवसातून तीनदा पाणी फवारलंत आणि पंधरवड्याला पातळ द्रवखत दिलंत. आता फांदीवरच्या लायकेनच्या कडा गुलाबी-तपकिरी झाल्यात, त्यावर पांढरी लव आलीय, आणि दुसरं हाताला चिकट लागतं. खत कोणतं बदलू, फवारणी वाढवू का, आणि बोन्सायच्या कुंडीतल्या दगडावर लायकेन लावता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

अडचण खताच्या निवडीची नाही आणि पाणी कमी पडल्याचीही नाही. लायकेन सतत ओलं राहिलं, ही अडचण आहे. कुंडीतल्या रोपाला कोरडं पडणं म्हणजे संकट. लायकेनला मात्र ओलं होण्याइतकीच वाळण्याचीही गरज असते, आणि बंद बरणीत ते वाळूच शकत नाही. खाली आकडे देतोय ते ढोबळ आहेत. जात कोणती, हवा किती दमट, रात्री किती उबदार, यावर ते बदलतात. जिथे फरक मोठा पडतो तिथे तसं सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा: दुसरं लायकेन जिवंत होतं का? सजावटीसाठी रेनडिअर मॉस म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा क्लॅडोनिया स्टेलारिस या जातीचं असतं. नावात मॉस असलं तरी ते मॉस नाही, लायकेनच आहे. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे या देशांतून ते सजावटीसाठी बाहेर जातं. बाजारात येण्याआधी ते ग्लिसरीनमध्ये मुरवतात आणि बऱ्याचदा रंगवतात. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून ते कायम मऊ राहतं. ते मेलेलं असतं, वाढणार कधीच नसतं.

ओळखायची खूण सोपी आहे. एक तुकडा पंख्याखाली चार-पाच तास ठेवा. जिवंत लायकेन, किंवा नुसतंच वाळवलेलं, पापडासारखं कुरकुरीत होतं आणि बोटात दाबलं की तुटतं. ग्लिसरीनचं तसंच लिबलिबीत मऊ राहतं. खात्री नसेल तर पांढऱ्या वाटीत पाण्यात टाका. रंग सुटला, पाणी बुळबुळीत झालं, तर विषय संपला. तुमचं चिकट लागतंय यावरून ते ग्लिसरीनचंच असावं, आणि त्यावर फवारलेलं पाणी ग्लिसरीन बाहेर काढतंय. ते बरणीतून काढा, पुसून कोरडं करा आणि शोभेची वस्तू म्हणून वेगळं ठेवा. त्याला पाणी नको, ऊनही नको. फार कोरड्या हवेत ते कडक झालं तर बाथरूमसारख्या दमट जागी रात्रभर ठेवलं की परत मऊ होतं.

ओघात आलंच आहे म्हणून सांगतो: झाडावर लोंबणारी करडी दाढी असते ती दोन वेगवेगळ्या गोष्टींची असू शकते. ‘स्पॅनिश मॉस’ ही अननसाच्या कुळातली सपुष्प वनस्पती आहे, तिला लायकेनचे नियम लागू नाहीत. अस्निया मात्र खरं लायकेन. अस्नियाचा ओला धागा दोन्ही टोकांना धरून हळूच ताणला की बाहेरची साल तुटते आणि आत पांढरी, लवचीक दोरी दिसते. इतकी स्पष्ट खूण लायकेनांमध्ये क्वचितच मिळते.

आता फांदीवरच्या लायकेनबद्दल. त्यात अजून जीव असण्याची शक्यता आहे, म्हणून त्याचं कारण नीट समजून घ्या.

लायकेन म्हणजे, ज्याला मराठीत दगडफूल किंवा शैवाक म्हणतात ते, एक जीव नाही. बुरशीने बांधलेलं घर आणि त्यात राहणारं शैवाल, अशी ती जोडी आहे. स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडनर यांनी १८६० च्या दशकाच्या शेवटी हे मांडलं तेव्हा ते पुष्कळांना पटलं नव्हतं. शैवाल उजेडात साखर बनवतं, त्यावर दोघं जगतात. या घराला मुळं नाहीत, पानांवर असतो तसा मेणाचा थर नाही, उघड-झाप करणारी रंध्रंही नाहीत. पाणी जसं येतं तसं आत शिरतं आणि जसं जातं तसं जातं. त्याला ते थोपवता येत नाही.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर कोरड्या, करड्या पानावर पाण्याचा एक थेंब टाका आणि भिंगातून बघा. थेंबाच्या कडेने करडा रंग विरत जातो आणि खालून हिरवा वर येतो. वरची बुरशीची कातडी भिजून पारदर्शक झाली आणि तिच्याखालचं शैवाल दिसू लागलं, एवढंच झालेलं असतं. निरोगी लायकेनमध्ये हे एक-दोन मिनिटांत होतं. निगेसाठी लागणारी सगळी माहिती या एका थेंबात मिळते, म्हणून पुढेही याचा उपयोग करणार आहोत.

आता हिशेब बघा. साखर बनते ती लायकेन ओलं असेल आणि उजेड असेल तेव्हाच. साखर खर्च मात्र ओलं असेल तेव्हा सतत होते, दिवसा आणि रात्रीही. कोरडं असताना दोन्ही थांबतं, ना जमा ना खर्च. म्हणजे दिवसा उजेडात ओलं असणं ही कमाई, रात्री ओलं असणं हा खर्च. रात्र जितकी उबदार तितका खर्च जास्त, कारण उष्णतेने श्वसन वाढतं. तुमच्या बरणीत लायकेन चोवीस तास ओलं होतं आणि काचेआड उजेड आधीच मंद. दोन महिने रोज थोडा थोडा तोटा होत गेला. त्यात भर म्हणजे पानं पाण्याने तुडुंब भरली की आतल्या हवेच्या पोकळ्याही पाण्याने बुजतात आणि कार्बन डायऑक्साइड शैवालापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणजे दिवसाची कमाईही घटते. अशक्त झालेल्या लायकेनवर मग साधी बुरशी चढते. ती पांढरी लव म्हणजे रोगाचं मूळ नाही, आतलं जगणं थांबत आल्याचा परिणाम आहे.

उलट कोरडेपणाची भीती बाळगू नका. २००५ साली फोटॉन-एम२ या यानातून दोन जातींची लायकेनं कोरड्या अवस्थेत सुमारे पंधरा दिवस उघड्या अंतराळात ठेवली होती. परत आणून भिजवल्यावर त्यांचं प्रकाशसंश्लेषण पुन्हा सुरू झालं. घरातल्या चार दिवसांच्या कोरडेपणाने काहीही बिघडत नाही. बाहेरगावी जायचं असेल तर शेजाऱ्याला फवारणी सोपवण्यापेक्षा लायकेन कोरडं ठेवून जाणं कितीतरी सुरक्षित. महिनाभर जायचं असेल तर पूर्ण वाळवून कागदी पाकिटात घालून फ्रीजमध्ये ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, तिच्यात ओल साठते.

तर फवारणी अशी करा. वेळ सकाळची, उजाडल्यावर लगेच. बारीक फवारा देणारी बाटली घ्या. पहिली फवारणी पृष्ठभाग जेमतेम ओला होईल इतकीच. काही लायकेनांची कातडी, विशेषतः पिठूळ भाग, कोरडे असताना पाणी झटकून टाकतात. थेंब मण्यांसारखे वर बसून राहतात. पाच मिनिटं थांबा, मग दुसरी फवारणी करा. पान मऊ पडलं, हिरवं झालं, की थांबा. टोकाला थेंब लोंबत असतील तर पाणी जास्त झालं, ते कापसाने टिपून घ्या. यानंतर लायकेन उजेडात तीन ते पाच तास ओलं राहायला हवं आणि दुपारपर्यंत पूर्ण कोरडं व्हायला हवं. संध्याकाळी फवारायचं नाही. याला थंडीच्या दिवसांतला एक अपवाद करता येतो: रात्रीचं तापमान दहा अंशांच्या आसपास असेल तर रात्री ओल राहिली तरी खर्च फार होत नाही.

किती वेळा, हे हवेवर ठरतं. थंड आणि मोकळ्या हवेत आठवड्यातून चार-पाच सकाळी. गरम पण कोरड्या दिवसांत आठवड्यातून दोनदा, तेही अगदी पहाटे, म्हणजे ऊन तापायच्या आत वाळेल. सतत दमट असलेल्या दिवसांत फवारणी बंद. त्या वेळी पाणी देण्याचा नाही तर वाळवण्याचा प्रश्न असतो, आणि त्यासाठी छोटा पंखा मंद लावून ठेवावा. एक ठाम नियम मी नेहमी सांगतो: दुपारी तीन वाजता बोट लावून बघा. लायकेन अजून मऊ असेल तर उद्याची फवारणी रद्द. याच कारणाने ओलं लायकेन कडक उन्हात ठेवू नका. कोरडं लायकेन दगडावर चटका बसेल इतकं तापलं तरी सोसतं. तेच ओलं असताना ३५-४० अंशांत काही तासांत दगावू शकतं.

जातीनुसार पडणारा एक फरक महत्त्वाचा आहे. बहुतेक लायकेनांत हिरवं शैवाल असतं. ती नुसत्या दमट हवेनेही थोडी जागी होतात आणि कामाला लागतात. काहींमध्ये हिरव्या शैवालाऐवजी नॉस्टॉकसारखे निळे-हिरवे जिवाणू असतात. ही लायकेनं कोरडी असताना काळपट-तपकिरी किंवा शिशासारखी करडी, आणि भिजली की निळसर काळी किंवा गडद तपकिरी दिसतात. काही तर जेलीसारखी फुगतात. त्यांना दमट हवा पुरत नाही, खरं पाणी अंगावर पडावं लागतं, आणि सावलीही जास्त चालते. तुमचं लायकेन भिजल्यावर पोपटी-हिरवं होत असेल तर ते पहिल्या गटातलं आहे.

पाणी पावसाचं किंवा डिस्टिल्ड वापरा. आरओचं चालतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) तीसच्या आत असेल तर. नळाच्या पाण्यात दोन अडचणी असतात, क्लोरीन आणि क्षार. पाणी उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असतं, ते असं सहज जात नाही. आणि क्षार तर उकळूनही बरेचसे तसेच राहतात. रोपाच्या कुंडीत क्षार मातीतून निचरून खाली जातात. लायकेनला खाली निचरा नाहीच, जे येतं ते अंगावर साठत जातं. पानांच्या कडेला पांढरी, न पुसणारी पुटं दिसली तर पाणी बदला आणि दोन-तीन वेळा डिस्टिल्ड पाण्याची भरपूर फवारणी करून धुऊन काढा.

खत पूर्ण बंद. कोणतंही, कितीही पातळ. याचं कारण जोडीच्या स्वभावात आहे. लायकेनचे अभ्यासक व्हर्नन अहमदजियान यांनी प्रयोगशाळेत बुरशी आणि शैवाल वेगळे वाढवून पुन्हा एकत्र आणण्याचे प्रयोग केले. पोषक माध्यमावर दोघं आपापले सुखाने वाढतात आणि एकमेकांकडे फिरकत नाहीत. खाणं कमी असेल, माध्यम हळूहळू वाळत असेल, तेव्हाच बुरशी शैवालाला वेढते आणि लायकेन तयार होऊ लागतं. म्हणजे तुमचं द्रवखत आणि कायमची ओल, दोन्ही मिळून ही जोडी मोडायलाच मदत करत होते. त्यातल्या त्यात झँथोरियासारखी पिवळी-नारिंगी लायकेनं नायट्रोजन सोसतात, पक्षी बसतात अशा दगडांवर ती खुशाल वाढतात. अस्निया आणि क्लॅडोनिया मात्र अमोनियानेही मार खातात, म्हणून शेणखताच्या किंवा कंपोस्टच्या ढिगाजवळ त्यांना ठेवू नका.

हवेचंही तेच. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या लायकेनांवरून शहराच्या हवेचा अंदाज बांधला होता, आणि गंधकाच्या धुरापुढे लायकेनं टिकत नाहीत हे नंतर अनेक शहरांत दिसलं. तुमच्या परिसरातल्या झाडांच्या खोडांवर फक्त चिकटलेल्या पातळ खपल्या असतील आणि पानांची किंवा दाढीसारखी लायकेनं अजिबात नसतील, तर ती बाहेरून आणून जगवण्याचा हट्ट करू नका. आसपास जे आपणहून वाढतंय तेच निवडा. त्याने तुमची हवा, तुमच्या रात्री आधीच सोसलेल्या असतात. थंड डोंगरातलं लायकेन उबदार सखल भागात आणून टिकवणं सगळ्यात अवघड, आणि त्याचं कारण वर सांगितलेल्या उबदार ओल्या रात्री.

आता लगेच काय करायचं ते. फांदी बरणीतून काढा आणि सावलीत, वाहत्या हवेत तीन ते पाच दिवस पूर्ण वाळू द्या. या काळात एक थेंबही पाणी नको. पूर्ण वाळल्यावर मऊ, कोरड्या ब्रशने पांढरी लव झाडून टाका. ओली असताना पुसली तर ती आणखी पसरते. मग थेंबाची चाचणी घ्या. वेगवेगळ्या पाच-सहा जागी थेंब टाका आणि तीन मिनिटं थांबा. जिथे हिरवं उमटलं तो भाग जिवंत. जिथे करडं, पांढरं, गुलाबी किंवा तपकिरी तसंच राहिलं तो भाग गेला. गेलेला भाग धारदार पात्याने सालीसकट काढून टाका, नाहीतर बुरशीला तिथेच खाणं मिळत राहतं. उरलेल्यावर पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच फवारण्या. नंतर वरच्या वेळापत्रकावर आणा. एकही थेंब हिरवा झाला नाही तर ते परत येणार नाही. मेलेलं शैवाल पाण्याने जिवंत होत नाही.

एक गैरसमज मात्र नको. क्लॅडोनियासारखी झुडपी लायकेनं बुंध्याकडून मरत आणि शेंड्याकडून वाढत जातात. खालचा भाग करडा-तपकिरी आणि भुसभुशीत असणं त्यांच्यात स्वाभाविक आहे. तिथे फक्त वरचे दोन-तीन सेंटिमीटर बघायचे.

बरणीच वापरायची असेल तर झाकण काढून टाका, आणि उंचीपेक्षा तोंड रुंद असलेलं भांडं घ्या. उथळ थाळी त्याहून बरी. क्लॅडोनियासाठी तळाला एक सेंटिमीटर बारीक खडी, त्यावर तीन सेंटिमीटर धुतलेली जाड वाळू तीन भाग आणि कुजत आलेल्या लाकडाचा किंवा पाइनच्या सालीचा चुरा एक भाग. वाळू चुनखडीची नको. व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर फसफसली तर ती टाळा. फांदीवरचं लायकेन मातीला टेकवूच नका. फांदी दोन खड्यांवर आडवी ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे.

उजेड भरपूर पण थेट दुपारचं ऊन नाही. हात धरल्यावर कडा स्पष्ट असलेली सावली पडते, पण अंगाला चटका बसत नाही, अशी जागा. सकाळचं कोवळं ऊन एक-दोन तास मिळालं तर उत्तमच. नारिंगी झँथोरियाला याहून जास्त ऊन लागतं. त्याचा तो रंग पॅरिएटिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि हे द्रव्य उन्हापासून संरक्षणासाठी बनतं. सावलीत ठेवलं की काही महिन्यांत ते हिरवट करडं दिसू लागतं. रंग उतरला म्हणून आजारी समजू नका, जागा बदला.

बोन्सायच्या दगडावर लावण्याबद्दल. फांदीवरचं लायकेन सोलून दगडावर चिकटवलं तर ते बहुधा टिकणार नाही. प्रत्येक जातीला पृष्ठभाग कसला, आम्लधर्मी की चुन्याचा, खरबरीत की गुळगुळीत, पाणी किती वेळ धरणारा, हे ठरलेलं असतं. पाइनची साल आम्लधर्मी असते, चुनखडीचा दगड उलट टोकाला. खोडावरचं खोडावर, दगडावरचं त्याच प्रकारच्या दगडावर, हे सूत्र धरलं तर यश मिळण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून तुमच्या फांदीवरचं लायकेन बोन्सायच्या खोडावर लावा, दगडावर नको. लायकेन खोडातून रस शोषत नाही, झाडाला त्याने अपाय होत नाही.

लावताना लायकेन सालीपासून सुटं करू नका. तीन ते पाच सेंटिमीटरचा सालीचा तुकडा लायकेनसकट काढा. सगळं कोरडं असताना काम करा, पण लायकेन हाताळण्याआधी अगदी हलकं ओलसर करा म्हणजे पानं मोडणार नाहीत, आणि बांधण्याआधी पुन्हा वाळू द्या. तुकडा नायलॉनच्या पातळ तंगुसाने खोडाला बांधा, गाठ लायकेनच्या पानांवरून जाऊ देऊ नका. तांब्याची, पितळेची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली तार वापरायची नाही. ओल्या तारेवरून ओघळणारं पाणी लायकेनला मारतं. पत्र्याच्या छपराखाली पाणी ठिबकतं त्या पट्ट्यात लायकेन नसतं ते याच कारणाने. दोऱ्याने बसत नसेल तर सिलिकॉनचा तीन मिलिमीटरचा एक ठिपका सालीच्या मागच्या बाजूला लावा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, न्यूट्रल म्हणून लिहिलेलं घ्या, आणि चोवीस तास पाणी देऊ नका. मूळ फांदीवर लायकेन ज्या बाजूला तोंड करून होतं, जितक्या कलाने होतं, तसंच ठेवा. उभ्या खोडावरचं आडवं ठेवलं तर पाणी साचून मध्यभाग सडतो.

नवीन लायकेन तयार करायचं असेल तर पानांच्या कडा भिंगातून पाहा. पिठासारखी पूड किंवा बारीक काड्यांसारखे कण दिसले तर प्रत्येक कणात बुरशी आणि शैवाल दोघंही असतात. तीच त्याची लावणीची सामग्री. कोरड्या ब्रशने ते कण खरबरीत, ओलसर सालीवर झटका, वरून एक पदर गॉज (विरळ जाळीचं कापड) ताणून बांधा म्हणजे कण वाहून जाणार नाहीत, आणि सकाळची फवारणी चालू ठेवा. असे कण नसतील तर दोन ते पाच मिलिमीटरचे तुकडे सालीच्या भेगांत खोचा. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पहिली इवली पानं दिसायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, तोपर्यंत गॉज काढायची घाई करू नका.

दही किंवा ताकात लायकेन वाटून दगडाला फासायची युक्ती तुम्ही कुठेतरी वाचली असेलच. वाटल्याने पेशी फुटतात, दह्याने आधी साधी बुरशी येते आणि मग हिरवं शेवाळ. महिन्याभरात दगड हिरवा दिसतो, पण ते लायकेन नसतं.

दगडावर लायकेन हवं असेल तर दोनच मार्ग आहेत. आधीच लायकेन असलेला दगड पूर्ण घेऊन यायचा. दगडात रुतलेल्या खपल्या खरवडून दुसरीकडे लावता येत नाहीत. किंवा खरबरीत, सच्छिद्र दगड उघड्यावर, पाऊस आणि ऊन लागेल असा ठेवायचा आणि वाट पाहायची. नवीन सिमेंटच्या वस्तूवर सुरुवातीला काहीच येत नाही, कारण ताजं काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं. हवापाण्याने ते सौम्य झालं की काही वर्षांत पहिले पिवळे-पांढरे ठिपके दिसतात.

बोन्साय करणाऱ्यांच्या हातून एक चूक वारंवार होते. झाडावर बुरशीनाशक मारतात आणि खोडावरचं लायकेन का गेलं म्हणून विचारतात. लायकेनचा मोठा हिस्सा बुरशीच आहे. तांब्याची बुरशीनाशकं, बोर्डो मिश्रण, गंधक-चुना, यांपैकी काहीही लायकेनवर पडू देऊ नका; मारायचंच झालं तर तेवढा भाग प्लॅस्टिकने घट्ट झाका आणि काम झालं की लगेच काढा. तेलाच्या फवारण्याही नकोत. गोगलगायी हाताने वेचा, त्या रात्रीत पानांचा वरचा थर खरवडून खातात आणि खालचा पांढरा गर उघडा पडतो. कुंडीत उड्या मारणारे बारीक पांढरे कीटक दिसले तर सोडून द्या, ते बहुतेक बुरशीच खातात. मॉस लायकेनवर चढू लागलं तर चिमट्याने काढा, कारण ते भराभर वाढतं आणि खाली ओल धरून ठेवतं.

पुढचं लायकेन आणताना जिवंत झाडावरून किंवा डोंगरावरच्या दगडावरून खरवडू नका. वाऱ्यापावसानंतर खाली पडलेल्या फांद्या गोळा करा. जमिनीवर, पालापाचोळ्याखाली ते लायकेन तसंही मरणारच असतं. संरक्षित क्षेत्रातून पडलेली फांदीही उचलायची नाही.

वाढीची अपेक्षा मात्र आतापासूनच नीट ठेवा. पानांचं लायकेन चांगल्या जागी वर्षाला एक ते चार मिलिमीटर पसरतं. क्लॅडोनिया तीन ते पाच मिलिमीटर उंचावतं. दगडावरची खपली बहुधा एक मिलिमीटरच्या आत, आणि ही गती इतकी संथ आणि सारखी असते की वनस्पतिशास्त्रज्ञ रोलंड बेशेल यांनी १९५० च्या दशकात दगडांवरच्या लायकेनांची वर्तुळं मोजून हिमनदी तिथून केव्हा हटली याचा अंदाज बांधायची पद्धत रुळवली. म्हणून दर आठवड्याला बघून काही कळणार नाही. दर सहा महिन्यांनी त्याच कोनातून, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून फोटो काढा, आणि प्रत्येक वेळी लायकेन पूर्ण कोरडं असताना काढा. भिजलेलं पान फुगून पसरतं, आणि एक फोटो ओला नि दुसरा कोरडा असेल तर न झालेली वाढ दिसते किंवा झालेली लपते. पहिला फोटो आता वाळवून, मेलेला भाग काढून झाल्यावर लगेच काढून ठेवा. थेंबाच्या चाचणीत काय दिसलं, किती जागी हिरवं उमटलं, ते कळवा; त्यावरून फवारणी आणखी किती कमी करायची ते सांगता येईल.